मोठं विमान लांबून दिसतं

३ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. छोटी विमानं आता बास.

आज सकाळी मैदानाच्या टोकाच्या झुडपात आणखी एक विमान घातलं. थर्माकोलचं होतं, तुकडे गोळा करून पिशवीत भरून आणले. माझी मुलगी चिंगी शेजारीच उभी होती. ती ओरडत होती, "बाबा, येतंय ते, येतंय!" आणि मला वाटत होतं, जातंय.

रिमोटने विमान उडवणाऱ्याला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. विमान आपल्यापासून लांब जात असेल तर डावं म्हणजे डावं. आपल्याकडे तोंड करून येत असेल तर सगळं उलटं, डावं दाबलं की ते आपल्या उजव्या हाताला वळतं. म्हणून येतंय की जातंय हे क्षणभरही विसरून चालत नाही. अर्ध्या मैदानाला हे मीच शिकवलंय. चिंगीलाही, ती शाळेत होती तेव्हा. मग आज झालं काय? झालं एवढंच की विमान हातभर आणि आभाळ अवाढव्य. दूर गेलं की काळा ठिपका उरतो. ठिपक्याचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे, हे कुणी सांगावं?

तेव्हा उपाय एकच. जुन्या लढाऊ विमानाची मोठी प्रतिकृती घ्यायची, दोन्ही हात पसरले तरी जिचे पंख कवेत मावणार नाहीत अशी. मोठं विमान लांबून दिसतं. शिवाय वाऱ्यात डगमगत नाही. हे काही मी एकटा म्हणत नाही.

जेवताना हिच्यापुढे, चिंगीच्या आईपुढे, विषय काढला. वाद घालायची जय्यत तयारी करून बसलो होतो, मुद्दे पाठ केले होते. ही म्हणाली, "घ्या की. नव्या कपाटासाठी ठेवलेत त्या पैशांत बसत असेल तर घ्या. वर एक पैसाही मिळणार नाही." माझा घास हातातच राहिला. पुढे म्हणते, "सुट्या लाकडांचंच घ्या पण. पहिल्यापासून बांधायचं." जिने आजवर माझ्या गोंदाच्या वासावरून घर डोक्यावर घेतलं ती हे म्हणते! काय शिजतंय ते कळेना.

६ फेब्रुवारी, बुधवार

डोकं भंजाळून गेलंय. वाटलं होतं, विमान निवडायचं म्हणजे विमान निवडायचं. तसं नसतं. आधी ठरवा, बांधायचं की तयार. बांधायचं म्हणजे खोक्यातून कापलेल्या लाकडाच्या पट्ट्या आणि नकाशा येतो, पुढे तुम्ही आणि तुमचा गोंद. तयार म्हणजे पंख खोचा आणि चाकं लावा. तयार महाग आणि बांधायचं स्वस्त, असं वरवर दिसतं. मग खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: इंजिन वेगळं, पोटात मुडपणारी चाकं वेगळी, झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी वेगळ्या, बॅटऱ्या वेगळ्या. म्हणजे स्वस्त खोकं घरी आणायचं आणि मग जन्मभर पोसायचं.

बरं, विमान कोणतं? स्पिटफायर बघितलं की तोंडाला पाणी सुटतं. पण त्याची चाकं इतकी जवळजवळ की उतरताना कोलांटी ठरलेली. मस्टँग देखणं, पण वेग कमी केला की एकदम एका पंखावर कलंडतं. थंडरबोल्ट म्हणजे नाकाड्या, पोट सुटलेला गडी. चाकं मात्र ऐसपैस, बसल्यासारखं उतरतं म्हणतात. मन स्पिटफायरवर, अक्कल थंडरबोल्टवर आणि पैसे दोन्हीपासून लांब.

रंगाचं मात्र पक्कं आहे. पंखांखाली काळे-पांढरे जाड पट्टे हवेत. पट्ट्यांशिवाय पोट कुठलं आणि पाठ कुठली ते कळत नाही.

एक चांगली गोष्ट. ती बारीक अक्षरं मी चष्म्याशिवाय वाचली! हल्ली पेपरही तसाच वाचतो. या वयात लोकांचा नंबर चढतो, माझा उतरला. मोठ्या ऐटीत हिला सांगितलं तर म्हणाली, "मग डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या ना." बऱ्या झालेल्या डोळ्यांना डॉक्टर कशाला? हिचं तर्कशास्त्र हिलाच ठाऊक.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

लोकांचे दात बनवता बनवता माझे केस पिकले. दातावरची कॅप बसत नाही म्हणून परत आली असेल, पण रंगावरून कधी आली नव्हती. आज आली. दंतवैद्याने फोन केला, "समोरचाच दात आहे हो. शेजारच्यापेक्षा पिवळा दिसतोय." मी रंगांच्या नमुन्यांची पट्टी काढून परत ताडून पाहिला. तंतोतंत जुळतो. त्याच्या दवाखान्यातले दिवे खराब असणार. माझ्याकडून कसर नको म्हणून कामाच्या खोलीतली ट्यूब मात्र बदलून घेतली. नव्या ट्यूबलाही उजेड नाही. हल्ली एक वस्तू धड मिळत नाही.

१० फेब्रुवारी, रविवार

आज मैदानावर विचित्रच प्रकार झाला.

आमच्यातल्या औषधवाल्याने नवं विमान आणलं होतं. नव्या विमानाचं पहिलं उड्डाण मी करून द्यायचं, ही आमच्याकडची रीत. कुणी ठरवली नाही, पडत गेली. माणूस महिनोन्‌महिने खपून ते बांधतो आणि उडवायची वेळ आली की त्याचाच धीर होत नाही. मग तो रिमोट माझ्या हातात देतो आणि स्वतः दुसरीकडे बघतो. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे. दुसरं कुणी मला असं काही सोपवत नाही.

तर औषधवाला रिमोट घेऊन आला. मी हात पुढे केला. तो माझ्यासमोरून गेला आणि रिमोट चिंगीला दिला. मला म्हणाला, "तुमची पाठ दुखतेय ना, आज आराम करा." माझी पाठ अजिबात दुखत नाही! चिंगीने माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत काय बोलणार? "कर, कर," म्हणालो. तिने नीट उडवलं. जरा जपूनच उडवते. माझी सफाई नाही त्यात, पण ठीक.

माझ्या पाठीची आवई कुणी उठवली असेल?

घरी निघताना कप्तानाने थांबवलं. हा आमच्या मैदानाचा म्होरक्या. जन्मभर फर्निचर विकलं, खऱ्या विमानात बसला तर याचे कान दुखतात, पण शिट्टी फुंकून सगळ्यांना शिस्त लावतो म्हणून कप्तान. त्याला त्याचं जुनं थंडरबोल्ट विकायचंय. इंजिन, चाकं, मोटरी सगळ्यासकट. "तुझ्या पैशांत बसवू," म्हणाला. मी तिथेच पाघळलो. बोललो मात्र, "विचार करतो."

१३ फेब्रुवारी, बुधवार

रिमोट दुरुस्तीवाल्याकडून परत आला. झुडपाच्या प्रकरणानंतर संशय म्हणून टाकला होता. म्हणतो, "काही दोष नाही." दोष नाही तर विमान उलटं का गेलं? दुरुस्तीवाला खांदे उडवतो. त्याच्या खांद्यांना तरी दोष नाही.

संध्याकाळी चिंगी कामावरून आल्यावर तिला विचारलं, "कप्तानाचं जुनं घेऊ की नवं बांधू? जुनं घेतलं तर पुढच्या रविवारी हवेत."

"घाई काय आहे बाबा? बांध ना. छान बांधतोस तू."

"बांधायला दोन वर्षं जातील."

"जाऊ देत."

"आईने पढवलंय तुला."

तिने धुतलेला कप परत धुवायला घेतला. या घरात माझ्याविरुद्ध कट शिजतोय यात शंका नाही. पण असा कसा कट, की ज्यात मला विमान घ्यायला लावतात आणि फक्त उडवू देत नाहीत?

१७ फेब्रुवारी, रविवार

काय दिवस! काय विमान!

सुरुवात मात्र खट्टू करणारी होती. कप्तान म्हणाला, थंडरबोल्ट चालवून बघ, पण जोडीच्या रिमोटवर. म्हणजे नवशिक्याला देतात तसं. मुख्य रिमोट एकाकडे, दुसरा शिकणाऱ्याकडे. मुख्यवाल्याने एक खटका दाबून धरला की विमान शिकणाऱ्याच्या ताब्यात. त्याने खटका सोडला की विमान परत मुख्यवाल्याकडे. आणि मुख्य रिमोट कुणाकडे? चिंगीकडे! जिला बोट धरून मी शिकवलं तिच्या हाताखाली मी. अंगाचा तिळपापड झाला. कप्तान म्हणाला, "जड विमान आहे, माणसाला लागलं तर जीव जाईल. नियम म्हणजे नियम." निमूट रिमोट गळ्यात अडकवला.

पण एकदा ते उठलं आणि मी सगळं विसरलो. चिंगीने वर नेलं, खटका दाबला, म्हणाली, "घे बाबा." पहिल्या वळणावर जरासं अडखळलं, तेही लगेच सावरलं. मग काय विचारता! इतकं आज्ञाधारक विमान मी आजवर हातात घेतलं नव्हतं. मनात आणावं आणि त्याने करावं. माझा तो नेहमीचा फेरा घेतला, मैदानावरून अगदी जमिनीलगत, पंख थोडा बघणाऱ्यांकडे कलवून. मग आडवी गिरकी, शेवटी ती छोटीशी बुडी मारून. ती बुडी म्हणजे खरं तर चूक आहे, पण माझी आहे, मैदानावर दुसरं कुणी तशी मारत नाही. उतरतानाही डावं चाक आधी टेकवलं, मग उजवं, माझ्या पद्धतीने.

मध्येच घाम डोळ्यांत गेला. रिमोट गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून दोन्ही हातांनी रुमालाने तोंड पुसलं. तेवढ्यात छोटं विमान जमिनीत घुसलं असतं. थंडरबोल्टने वळण तसंच धरून ठेवलं, पूर्ण केलं आणि सरळ झालं. मोठ्या विमानाचा हाच तर फायदा आहे!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिंगीचा चेहरा मात्र उतरला होता, ती गवतावर बसूनच राहिली. मी म्हणालो, "बघितलंस? लहान विमानांचा दोष होता." तिने नुसती मान हलवली. पोरीला ऊन लागलं असावं.

ठरलं. थंडरबोल्ट, कप्तानाचं, आहे तसं.

१८ फेब्रुवारी, सोमवार

कप्तान विकत नाही म्हणतो! काल टाळ्या वाजवणारा माणूस आज फोनवर म्हणतो, "राहू दे रे, जुनं आहे, इंजिन थकलंय." कालपर्यंत इंजिन झकास होतं. मी दोन शब्द जास्तच बोललो. त्याने ऐकून घेतलं. एरवी तो ऐकून घेणाऱ्यातला नाही.

हिला सांगितलं तर हिच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्याचा भाव. "बरं झालं. बांधायचंच घ्या." मी कपाळाला हात लावला.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

लिहावंसं वाटत नाहीये. तरी लिहितो.

दंतवैद्य दुपारी स्वतःच आला. तीच कॅप, तिसऱ्यांदा परत. मी चिडणारच होतो. तो म्हणाला, "चिडू नका, इकडे या." मला खिडकीशी नेलं, माझीच नमुन्यांची पट्टी हातात घेतली आणि तिच्यावरचे दोन दात पुढे धरले. "यांत फरक दिसतो?" मी म्हणालो, सारखेच आहेत. त्याने माझ्या मदतनीस बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "एक पांढरा आहे, एक पिवळट." इतक्या सहज म्हणाल्या.

मग त्याने विचारलं, "हल्ली चष्म्याशिवाय वाचता येतं का?" मी ऐटीत हो म्हणालो. "दिव्यांभोवती वलयं दिसतात? लांबचं पुसट?" दिसतात की. मला वाटायचं हवेतली धूळ आहे. तो म्हणाला, "माझ्या आईचं अगदी असंच झालं होतं. जवळचं एकदम सुधारलं म्हणून सगळे खूश झालो होतो. मोतीबिंदू होता. दाखवून घ्या, बरं होतं ते."

तो गेला. मी स्टुलावर बसून राहिलो. मोतीबिंदूचं एवढं काही वाटलं नाही. डोक्यात रविवार फिरायला लागला. मी दोन्ही हातांनी तोंड पुसत होतो. दोन्ही हातांनी. वळण धरून ठेवलं, हे समजू शकतो. पण सरळ कसं झालं? कुठलंही विमान, कितीही मोठं असलं, तरी आपणहून सरळ होऊन धावपट्टीच्या रेषेत येत नाही. हे तर मी पोरांना शिकवतो.

संध्याकाळी चिंगी आली तशी दारातच विचारलं, "रविवारी विमान कोण उडवत होतं?"

तिने चपला काढल्या, त्या नीट लावून ठेवल्या. म्हणाली, "पहिल्या वळणावर तू उलटं दाबलंस, बाबा. लोकांच्या अंगावर येत होतं. मी खटका सोडला."

"परत कधी दाबलास?"

"नाही दाबला."

म्हणजे उरलेला सगळा वेळ मी मेलेल्या रिमोटच्या दांड्या हलवत उभा होतो. कप्तानाला माहीत होतं. औषधवाल्याला माहीत होतं. सगळे मूग गिळून गप्प बसले आणि वर टाळ्या वाजवल्या. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. आणि संतापही.

"पण ती गिरकी? ती बुडी? डावं चाक?"

"तुझंच आहे ते सगळं. मुद्दाम तसं उडवलं. तुला कळू नये म्हणून."

"का पण? सरळ सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू रिमोट ठेवून दिला असतास. कायमचा. तुला ओळखते मी." आणि मग ती रडायला लागली. ही स्वयंपाकघरातून आली आणि आमच्या दोघांमध्ये उभी राहिली. हिला तर कधीपासून ठाऊक होतं. म्हणाली, "बांधायचं घेतलं असतंत तर दोन वर्षं जमिनीवर राहिला असतात. तेवढ्यात कसंही करून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं असतं मी तुम्हाला."

मी न जेवता आत गेलो. रागावलो होतो म्हणून गेलो की दुसरं काही म्हणून, ते आताही सांगता येत नाही. एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या दिवशी आभाळात मी स्वतःला ओळखलं होतं. हुबेहूब मी होतो. शिकवणाऱ्याने यावर रडावं की मिरवावं?

२४ फेब्रुवारी, रविवार

काल डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. चिंगी बरोबर होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. आधी उजवा करणार, मग डावा. तोवर गाडी चालवायची नाही, विमानाचं तर नावच नको. कपाटाच्या पैशांतले बरेचसे तिकडे जातील. हिने कपाटाचं दार सुतळीने बांधून टाकलं आणि म्हणाली, "हे अजून काही वर्षं चालेल."

मैदानावर गेलो, नुसता. सगळ्यांनी एकदम आपापल्या पायांकडे बघायला सुरुवात केली. मी कप्तानाला म्हणालो, "फोनवर बोललो ते मागे घेतो." तो म्हणाला, "कधी बोललास?" आणि कारण नसताना जोरात शिट्टी फुंकली.

विमानाचं शेवटी असं झालं. थंडरबोल्टच, पण सुट्या लाकडांचं. खोकं आत्ता आणायचं, तेवढे पैसे उरतात. यंदा शेपूट आणि पंख बांधायचे, ते काम नाकासमोरचं आहे आणि नाकासमोरचं मला सध्या बरं दिसतं. चाकं पुढे बघू. इंजिन त्याच्याही पुढे. स्पिटफायरचं मनातून जात नाही, पण जाईल. पट्ट्यांचं काय करायचं तेही ठरत नाहीये. विमान मला दिसावं म्हणून ते हवे होते. आता कुणाला दिसावं म्हणून काढू?

घरी येताना गाडी चिंगी चालवत होती. मी म्हणालो, "याचं पहिलं उड्डाण तू करायचंस."

"तुझे डोळे तोवर बरे झाले असतील, बाबा. रीत आहे ना तुझी."

"झाले असतील म्हणूनच. तू उडव. पण या वेळी माझ्यासारखं नाही, तुझ्यासारखं उडव. मला बघायचंय."

तिने चौकात गाडी वळवली. मग म्हणाली, "माझं कसं असतं ते मलाच माहीत नाही, बाबा."